घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप : हार्ड डिस्क कशी निवडावी?



या अंकातला संगणकाचा धडा थोडा घरगुती आहे, आणि तो लिहिण्याचे कारणही घरगुतीच आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये गोकुळाष्टमीच्या सुमारास बडोद्यात जो पाऊस झाला आणि पाठोपाठ विश्वामित्रीला जो पूर आला, तो आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. आमचे घर तळमजल्यावर. रात्री पाणी अंगणात शिरले तेव्हा आम्ही आधी आईला वरच्या शेजाऱ्यांकडे नेले, मग कागदपत्रांची पिशवी, औषधे, गॅसची बाटली, डाळ-तांदळाचे डबे. कॉम्प्युटरकडे कोणाचे लक्षच गेले नाही. पाणी उतरल्यावर पाहिले, तर जमिनीवर ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये गाळ भरला होता. मी मनात म्हटले, असू दे, आपला बॅकअप आहे. वर्षानुवर्षे वर्गात बॅकअपचे महत्त्व सांगणारा माणूस मी. माझ्याकडे बॅकअप नसेल कसा? होता. पण ती बाहेरून जोडायची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. खण उघडला तेव्हा त्यातून पाणी सांडले.

बाबा त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. शेवटची दोन-अडीच वर्षे मी दर काही रविवारी त्यांना जुन्या बडोद्याबद्दल बोलते करून मोबाइलवर रेकॉर्ड करत असे. दांडिया बाजारातले त्यांचे लहानपण, सुरसागरच्या काठावरचे खेळ, त्यांच्या शाळेतले मास्तर. अशी अकरा रेकॉर्डिंगे झाली होती. मोबाइल भरला की ती कॉम्प्युटरवर घेऊन मोबाइलवरून पुसून टाकत असे. माझी ताई पुण्याला असते. २०२२ च्या दिवाळीत ती आली होती, तेव्हा जाताना स्वतःच्या डिस्कवर आमचे फोटो आणि तोवरची रेकॉर्डिंगे घेऊन गेली. त्यामुळे अकरांपैकी चार आज आमच्याकडे आहेत. सात गेली.

म्हणून हा धडा हार्ड डिस्क निवडण्याबद्दल असला, तरी त्याचा खरा प्रश्न सुरुवातीलाच सांगून ठेवतो. कोणती डिस्क घ्यायची हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की दुसरी प्रत कुठे राहणार आहे?

बॅकअप कशाला म्हणावे?

बॅकअप म्हणजे आहे त्या फाइलची आणखी एक प्रत. 'आणखी एक' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुष्कळ घरांत असे होते, की कॉम्प्युटर भरला म्हणून फोटो बाहेरच्या डिस्कवर टाकतात आणि कॉम्प्युटरवरून पुसतात. याला बॅकअप म्हणत नाहीत. हे सामान एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवणे झाले. प्रत एकच राहिली, फक्त तिची जागा बदलली. मी मोबाइलवरून रेकॉर्डिंगे पुसत होतो, तेव्हा दर वेळी एक प्रत कमी करत होतो, हे माझ्या ध्यानात आले नाही.

प्रतींचे महत्त्व बडोदेकरांना नवे नाही. आपल्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९५१ मध्ये सुरू झालेले ते काम १९७५ मध्ये पूर्ण झाले. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून, वेगवेगळ्या लिप्यांतल्या हस्तलिखित पोथ्या आणून, त्या श्लोकाश्लोकाने ताडून पाहून विद्वानांनी पाठ ठरवला. एका गावची पोथी वाळवीने खाल्ली, दुसऱ्या गावची पुरात गेली, तरी तिसऱ्या गावी कोणीतरी नकलून ठेवलेली होती, म्हणून हे शक्य झाले. एकाच देवळात एकच पोथी असती, तर ताडून पाहायला काहीच उरले नसते.

आजच्या भाषेत हाच नियम '३-२-१' म्हणून सांगतात. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. एकूण प्रती ३, त्या निदान २ वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी १ घराबाहेर. माझ्याकडे प्रती दोन होत्या, साधनेही दोन होती, पण घराबाहेर माझी एकही नव्हती. जी होती ती ताईची होती आणि ती दोन वर्षे जुनी होती.

आधी मोजा, मग दुकानात जा

कापड घेण्याआधी जसे माप घेतो, तसे डिस्क घेण्याआधी घरातल्या फाइलींचे माप घ्यावे. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' उघडले, की त्या फोल्डरचा आकार दिसतो. फोटो, व्हिडिओ, कागदपत्रे, अभ्यासाचे फोल्डर असे एकेक पाहून वहीत लिहा. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटोही त्यात धरा, कारण आज सर्वांत जास्त फोटो तिथेच असतात.

एक उदाहरण घेऊ. मोबाइलचा एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला, तर १०,००० फोटोंचे ४०,००० एमबी, म्हणजे सुमारे ४० जीबी होतात. व्हिडिओ मात्र जागा खातो. चांगल्या दर्जाच्या एका मिनिटाला साधारण १०० एमबी धरा. घरच्या लग्नाचे, मुंजीचे, स्नेहसंमेलनाचे मिळून ४० तासांचे व्हिडिओ असतील, तर २,४०० मिनिटांचे २,४०,००० एमबी, म्हणजे २४० जीबी झाले. कागदपत्रे आणि अभ्यासाच्या फाइली २० जीबीत मावतात. एकूण बेरीज ३०० जीबी.

आता यावर किती मोठी डिस्क घ्यावी? आजच्या मापाच्या निदान दुप्पट, आणि पुढच्या तीन-चार वर्षांची भर वेगळी. या हिशेबाने वरच्या घराला १ टीबीची डिस्क पुरते. २ टीबीची घेतली तर ऐसपैस होते. दुकानदार ५ टीबीची दाखवतो आणि ती प्रति टीबी स्वस्तही पडते. पण माझा सल्ला असा, की तेवढ्या पैशांत लहान क्षमतेच्या दोन डिस्का येत असतील, तर दोन घ्याव्यात. एका मोठ्या डिस्कपेक्षा दोन लहान डिस्का दोन घरांत असणे अधिक सुरक्षित.

इथे विद्यार्थ्यांसाठी एक गणित. १ टीबीची नवी डिस्क विंडोजला जोडली, की ती ९३१ जीबीच दाखवते. पालक म्हणतात, दुकानदाराने फसवले. तसे नाही. कंपनी १ टीबी म्हणजे १०,००,००,००,००,००० बाइट, म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते. विंडोज मात्र १ जीबी म्हणजे १०२४ × १०२४ × १०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. पहिल्या संख्येला दुसरीने भागा. उत्तर ९३१ च्या किंचित वर येते. माल तेवढाच आहे, मापे दोन आहेत.

डिस्कचे प्रकार

बाजारात घरगुती वापरासाठी मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिला प्रकार म्हणजे खिशात मावणारी पोर्टेबल हार्ड डिस्क. हिच्या पोटात अडीच इंची डिस्क असते. तिला वेगळी वीज लागत नाही, यूएसबीच्या वायरमधूनच ती वीज घेते. बहुतेक घरांना हीच योग्य. कपाटात ठेवता येते, पुण्या-मुंबईला जाताना पिशवीत टाकता येते.

दुसरा प्रकार म्हणजे टेबलावर ठेवायची मोठी डिस्क. हिच्यात साडेतीन इंची डिस्क असते आणि तिला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. क्षमता पुष्कळ जास्त मिळते. ज्यांच्याकडे व्हिडिओचे काम चालते, फोटो स्टुडिओ आहे किंवा एखाद्या संस्थेचे दप्तर आहे, त्यांनी हिचा विचार करावा. मात्र ती जड असते, एका जागी राहते, आणि घराबाहेर न्यायचा कंटाळा येतो. माझा अनुभव पाहता हा कंटाळा महाग पडू शकतो.

तिसरा प्रकार म्हणजे एसएसडी. हिच्यात फिरणारे काहीच नसते, सारे चिपमध्ये साठते. ती वेगवान असते आणि हातातून पडली तरी सहसा वाचते. पण तेवढ्याच क्षमतेची एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा बरीच महाग असते. शिवाय माहिती भरून ती वर्षानुवर्षे कपाटात न जोडता ठेवणे चांगले नाही. चिपमध्ये माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि तो भार हळूहळू उतरू शकतो, उष्ण जागेत जास्त लवकर. ज्यांना डिस्क रोज दप्तरातून न्यायची आहे त्यांनी एसएसडी घ्यावी. वर्षाचे बाराही महिने कपाटात राहणाऱ्या प्रतीसाठी साधी हार्ड डिस्क पुरेशी आहे, पण तीही मधूनमधून जोडून तपासली पाहिजे.

पेन ड्राइव्ह हे फाइल इकडून तिकडे नेण्याचे साधन आहे. तो हरवतो, धुण्याच्या कपड्यांत जातो. त्याला बॅकअप समजू नका.

हार्ड डिस्क पडली की का बिघडते, हेही समजून घ्या. तिच्यात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. पोर्टेबल डिस्कमध्ये त्या साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. माहिती वाचणारे टोक चकतीला न टेकता तिच्यावर काही नॅनोमीटर अंतराने तरंगते. आपला केस जाडीला ५० ते १०० हजार नॅनोमीटर असतो, यावरून त्या अंतराची कल्पना करा. चालू डिस्कला धक्का बसला, तर ते टोक चकतीवर आपटते आणि चरा पडतो. म्हणून डिस्क चालू असताना ती हलवू नये, सोफ्याच्या हातावर ठेवू नये, आणि वायर पायात येईल अशी टाकू नये.

हे यंत्र किती पुढे आले आहे, तेही जाता जाता सांगतो. आयबीएमने १९५६ मध्ये हार्ड डिस्क असलेले पहिले यंत्र आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि कपाटाएवढ्या त्या यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजचा मोबाइलचा एक-दोन फोटो त्यात कसाबसा बसला असता.

वेग : भोकाचाही आणि वायरचाही

डिस्क नवी असली तरी ती ज्या जागी जोडता ती जुनी असेल, तर वेग जुनाच मिळतो. यूएसबी २.० च्या जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ३० एमबी जातात. यूएसबी ३.० च्या जोडणीवर पोर्टेबल हार्ड डिस्क १०० एमबी सहज देते. मघाचे ३०० जीबी, म्हणजे ३,००,००० एमबी घ्या. पहिल्या वेगाने १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतील. दुसऱ्या वेगाने ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटे. लहान लहान फाइली हजारोंनी असतील तर याहून जास्त वेळ लागतो.

यूएसबी ३.० ची भोके पुष्कळ कॉम्प्युटरांवर आतून निळी असतात. जुन्या कॅबिनेटमध्ये ती बहुधा मागच्या बाजूला सापडतात. काही नव्या लॅपटॉपवर फक्त लहान, लंबगोल टाइप-सी भोके असतात. तेव्हा दुकानात जाण्याआधी आपल्या मशीनला कोणती भोके आहेत ते पाहून जा आणि तशी वायर डिस्कबरोबर येते का ते विचारा.

पहिला बॅकअप रात्री लावून द्यावा. पुढच्या वेळी फक्त नवीन आणि बदललेल्या फाइली जातात, त्याला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. म्हणून घरगुती कामाला केवळ वेगासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

दुकानात काय पाहावे?

किमती मी इथे लिहीत नाही, कारण अंक तुमच्या हातात पडेपर्यंत त्या बदलतील. किंमत भागिले टीबी असा भाव काढा आणि दोन-तीन ठिकाणचा ताडून पाहा.

हमी किती वर्षांची आहे ते विचारा. पोर्टेबल डिस्कला दोन किंवा तीन वर्षांची हमी असते. पण हमीचा अर्थ नीट समजून घ्या. डिस्क बिघडली तर कंपनी दुसरी डिस्क देते. तुमचे फोटो परत देत नाही. छापील बिल घ्या, खोक्याचे सील पाहा, आणि डिस्कवरचा क्रमांक बिलावर लिहून घ्या.

ऑनलाइन बाजारात '१६ टीबी एसएसडी' हजार-दीड हजार रुपयांत दिसते. ती घेऊ नका. अशा नकली वस्तूंच्या आत थोड्याच क्षमतेची चिप असते आणि ती कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगते. सुरुवातीच्या फाइली नीट जातात. चिप भरली, की पुढच्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा नुसती नावे दिसतात. शंका असेल, तर नवी डिस्क परत करण्याची मुदत संपण्याआधी ती एकदा पूर्ण भरून, भरलेल्या फाइली उघडून पाहाव्यात. हे तपासणारे मोफत प्रोग्रॅमही मिळतात.

जुन्या लॅपटॉपची डिस्क केसिंगमध्ये घालून वापरायची युक्ती अनेकांना ठाऊक आहे. काटकसर चांगली, पण अशी डिस्क तिसरी प्रत म्हणून ठेवा. आधीच पाच-सहा वर्षे चाललेल्या डिस्कवर एकुलता एक बॅकअप सोपवू नये.

घरी आणल्यावर

डिस्कचा फॉरमॅट पाहा. घरात फक्त विंडोज असेल, तर एनटीएफएस ठेवा. विंडोज आणि अ‍ॅपल, दोन्हींना तीच डिस्क जोडायची असेल, तर एक्सफॅट सोयीचा. फॅट-३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे लग्नाचा मोठा व्हिडिओ अडतो. फॉरमॅट बदलला की डिस्कवरचे सारे पुसले जाते, म्हणून हे काम डिस्क रिकामी असतानाच उरकावे.

बॅकअप घेण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या आत 'फाइल हिस्टरी' आहे. अ‍ॅपलमध्ये २००७ पासून 'टाइम मशीन' आहे, मात्र त्याला डिस्क स्वतःच्या फॉरमॅटची लागते. हे दोन्ही प्रोग्रॅम फाइलची जुनी रूपेही जपतात. चुकून निबंधाचे शेवटचे पान पुसून सेव्ह केले, तर मागच्या आठवड्याची फाइल मिळू शकते. हे नको असेल, तर तारखेचे नाव दिलेला फोल्डर करून साधी कॉपी करा. साधी पद्धत नियमाने पाळलेली बरी. उत्तम पद्धत लावून विसरून जाण्यात काही अर्थ नाही.

बॅकअप झाला, की 'सेफली रिमूव्ह' करून डिस्क काढून ठेवा. ती कायम जोडलेली राहिली, तर कॉम्प्युटरवर येणारे संकट तिच्यावरही येते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने सुमारे १५० देशांतल्या कॉम्प्युटरांमधील फाइलींना कुलूप घातले आणि किल्लीसाठी पैसे मागितले. असा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही सोडत नाही. ज्यांची प्रत काढून ठेवलेली असते, त्यांना खंडणी द्यावी लागत नाही.

आधार कार्ड, बँकेची कागदपत्रे अशा फाइली असलेली डिस्क घराबाहेर जाणार असेल, तर तिला पासवर्डचे कुलूप लावावे. तो पासवर्ड घरातल्या दोन माणसांना ठाऊक असावा आणि वहीत लिहिलेला असावा. पासवर्ड विसरला, तर डिस्क चांगली असूनही उपयोग नाही.

मग क्लाउड काय वाईट? वाईट मुळीच नाही. घराबाहेरची प्रत म्हणून तो उपयोगी आहे. पण गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि १ जून २०२१ पासून नवे फोटो त्यातच मोजले जातात. त्यापुढे दर महिन्याला पैसे भरावे लागतात. दुसरे असे, की मोबाइल आणि क्लाउड जुळवलेले असतील, तर मोबाइलवर पुसलेला फोटो क्लाउडवरूनही जातो. म्हणून क्लाउड ठेवावा, पण हातातली डिस्कही ठेवावी.

प्रत आहे, पण उघडते का?

१९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू होते. कोणीतरी चुकून पुसण्याची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फाइली पाहता पाहता नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नसल्याचे त्याच दिवसांत उघड झाले. तोवर कोणी परत घेऊन पाहिले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्र-दिग्दर्शिकेमुळे. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करत आणि त्यासाठी त्यांच्या घरी एक प्रत होती. त्यांचा कॉम्प्युटर पांघरुणांत गुंडाळून गाडीतून कार्यालयात आणला गेला. एवढ्या मोठ्या कंपनीला शेवटी एका आईच्या घरातल्या प्रतीने तारले.

यातून घेण्यासारखे दोन धडे आहेत. घराबाहेरची (त्यांच्या बाबतीत कार्यालयाबाहेरची) प्रत कामी येते. आणि बॅकअप घेतला म्हणून भागत नाही, तो परत उघडून पाहावा लागतो. महिन्यातून एकदा डिस्कवरच्या कुठल्याही पाच फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. फोटो दिसतो का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का, ते पाहा. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, कॉपी मध्येच थांबू लागली, तर त्याच दिवशी नवी डिस्क आणा. तसे काही झाले नाही, तरी चार-पाच वर्षांनी मुख्य बॅकअपची डिस्क बदलावी.

आणि माझी एक चूक तुम्ही करू नका. भिजलेली डिस्क मी उन्हात वाळवली आणि जोडून पाहिली. माहिती परत मिळवून देणाऱ्या कारागिराने नंतर सांगितले, की हेच करायचे नसते. गाळ चकतीवर वाळून घट्ट बसतो आणि डिस्क फिरली की चरे पडतात. भिजलेली डिस्क वाळवू नये, सुरू करून पाहू नये. तशीच पिशवीत बंद करून जाणकाराकडे न्यावी.

आमच्या घरची आजची व्यवस्था

आता आमच्याकडे २ टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्का आहेत. एक घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. दुसरी पुण्याला ताईकडे. दिवाळीत ती येते तेव्हा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जातो तेव्हा डिस्कांची अदलाबदल होते. मधल्या काळातले महत्त्वाचे तेवढे क्लाउडवर. दोन्ही डिस्कांना पांढऱ्या चिकटपट्टीवर 'अ' आणि 'आ' लिहिले आहे, आणि शेवटच्या बॅकअपची तारीख पेन्सिलीने. बाबांची चार रेकॉर्डिंगे आता तीन ठिकाणी आहेत. आईलाही आता रविवारी बोलते करतो. तिचे रेकॉर्डिंग झाले, की ते त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी जाते आणि मगच मोबाइलवरून पुसले जाते.

ज्यांचे कोणी परगावी नाही, त्यांनी दुसरी डिस्क शेजारच्या विभागातल्या मामाकडे, आत्याकडे, विश्वासाच्या स्नेह्याकडे ठेवावी. बदल्यात त्यांची डिस्क आपल्याकडे ठेवून घ्यावी. वरच्या मजल्यावर ठेवायला मात्र सांगावे.

विश्वस्त मंडळाला एक विनंती

जुनी रजिस्टरे, स्नेहसंमेलनांचे फोटो, माजी विद्यार्थ्यांच्या याद्या, हिशेब, या सगळ्याच्या आता फाइली झाल्या आहेत. शाळेसाठी दोन डिस्का घ्याव्यात. एक कार्यालयाच्या कपाटात, दुसरी शाळेबाहेर एखाद्या पदाधिकाऱ्याच्या घरी, कुलूप लावलेल्या स्थितीत राहावी. बॅकअपची तारीख, करणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही, अशी तीन रकान्यांची एक वही ठेवावी. दरवर्षी ३१ मार्चला आपण हिशेबाचे वर्ष बंद करतो. २०११ पासून हाच दिवस 'जागतिक बॅकअप दिन' म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशी ही वही मंडळासमोर ठेवायची प्रथा पाडावी, एवढीच विनंती.

स्वाध्याय

१. घरातल्या कॉम्प्युटरवरील आणि मोबाइलवरील फोटो, व्हिडिओ व कागदपत्रांचा आकार जीबीमध्ये लिहून बेरीज करा.

२. विंडोज २ टीबीची डिस्क किती जीबी दाखवील? भागाकार करून उत्तर काढा.

३. तुमच्या बेरजेएवढ्या फाइलींची प्रत सेकंदाला ३० एमबी आणि १०० एमबी या वेगांनी घ्यायला किती वेळ लागेल?

४. हरवली तर पुन्हा मिळणार नाही अशी घरातली एक फाइल आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना विचारून ठरवा. तिच्या किती प्रती आहेत आणि त्या कुठे आहेत, ते लिहा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'एक' असे आले, तर ते लिहून थांबू नका. त्याच दिवशी दुसरी प्रत करा, आणि मग वही माझ्याकडे तपासायला द्या.